लहान मुलांसह आफ्रिकेची वन्यजीव सफर : निघण्यापूर्वीचा हिशेब



भाईंदर पूर्वेतील खारी येथील एका वाचक कुटुंबाने आपल्या आफ्रिका प्रवासाचा आराखडा माझ्याकडे पाठवून त्यावर मत मागितले आहे. कुटुंब एकत्र, व्यापार कापडाचा, माणसे नऊ : आजी-आजोबा, दोन मुलगे, दोन सुना आणि तीन नातवंडे. आजी-आजोबांनी साठी ओलांडली आहे. नातवंडांपैकी थोरला नऊ वर्षांचा, मधली सहा वर्षांची आणि धाकटे बाळ सात महिन्यांचे, अद्याप आईच्या दुधावर आहे. सहल कंपनीने दिवाळीच्या सुट्टीतील केनियाचा सात रात्रींचा कार्यक्रम सुचविला असून आगाऊ रक्कम भरण्याची मुदत जवळ आली आहे. घरातील सर्वांची इच्छा एकच : जायचे तर नऊही जणांनी जायचे.

अशीच विचारणा अलीकडे इतरही घरांतून होऊ लागली आहे. म्हणून या वेळचा लेख त्याच विषयाला दिला आहे. आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी कोणते प्रश्न सोडवावेत, आणि कोणत्या क्रमाने, एवढेच येथे पाहू.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी की पूर्व आफ्रिका आपल्याला परकी नाही. मोंबासापासून आत जाणारा लोहमार्ग १८९६ ते १९०१ या काळात बांधला गेला, तो हिंदुस्थानातून नेलेल्या तीस हजारांहून अधिक मजुरांच्या श्रमावर. त्यांपैकी सुमारे अडीच हजार जण तेथेच मरण पावले. १८९८ साली त्सावो येथे दोन नरभक्षक सिंहांनी ज्या छावण्यांत हाहाकार माजविला, त्या याच मजुरांच्या. लोहमार्गाच्या मागोमाग दुकानदार गेले. जामनगरच्या आसपासच्या खेड्यांतील हालारी विसा ओसवाल कुटुंबे त्यांत मोठ्या संख्येने होती. १९२० पर्यंत तेथे व्यवहार रुपयात चालत. स्वाहिली भाषेत आजही दुकानाला ‘दुका’, गाडीला ‘गारी’, लाखाला ‘लाकी’, धनादेशाला ‘हुंडी’ आणि विम्याला ‘बिमा’ म्हणतात. ‘सफारी’ हा शब्दही आपल्या ‘सफर’चा सख्खा भाऊ, दोन्हींचे मूळ अरबी. मोंबासाचे शिखरबद्ध देरासर १९६३ सालचे असून भारताबाहेरील असे पहिले देरासर म्हणून त्याचा उल्लेख होतो. सारांश, नैरोबीत किंवा मोंबासात जैन भोजन म्हणजे काय, हे पहिल्यापासून समजावून सांगावे लागत नाही.

आता मूळ प्रश्न. माझ्या मते आपल्यासारख्या घरांनी पर्यटनस्थळाआधी महिना ठरवावा. शाळा, दुकान, चातुर्मास आणि आफ्रिकेतील पाऊस अशी चार वेळापत्रके येथे जुळवावी लागतात. मसाई मारामध्ये रानगव्यांसारख्या दिसणाऱ्या विल्डबीस्ट प्राण्यांचे प्रचंड कळप जुलै ते ऑक्टोबर या काळात येतात आणि जाहिराती त्याच दृश्याच्या असतात. परंतु तो आपला चातुर्मास असतो, त्यातच पर्युषण येते. दिवाळीची सुट्टीही कार्तिक पौर्णिमेच्या आतच पडते. शिवाय कापड व्यापाऱ्याने दिवाळीपूर्वी दुकान सोडणे अशक्य, आणि लाभपंचमीला ते उघडणे आवश्यक. उन्हाळ्याच्या सुट्टीचा विचार केला, तर एप्रिल-मे हा केनियातील दीर्घ पावसाचा काळ. कच्चे रस्ते तेव्हा चिखलात जातात.

उरतो तो जानेवारीचा पहिला पंधरवडा. चातुर्मास संपलेला, कमुर्ता असल्याने लग्नाची खरेदी मंदावलेली, नोव्हेंबर-डिसेंबरचा छोटा पाऊस ओसरलेला. विल्डबीस्टचे मोठे कळप तेव्हा टांझानियाच्या बाजूला असतात, तथापि सिंह, हत्ती, जिराफ, झेब्रे मारामध्ये बाराही महिने आढळतात आणि लहान मुलांना तेवढे पुष्कळ होते. याला हिशेबाचीही जोड आहे. २०२४ पासून मसाई मारा अभयारण्याचे परदेशी प्रौढाचे प्रवेशशुल्क जानेवारी ते जूनमध्ये दररोज १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबरमध्ये २०० डॉलर असे झाले. नऊ ते सतरा वर्षांच्या मुलाला ५० डॉलर, त्याहून लहानांना माफ. सहा प्रौढ आणि एक नऊ वर्षांचा मुलगा यांना जानेवारीत दिवसाला ६५० डॉलर पडतील, दिवाळीत १,२५०. तीन दिवसांत १,८०० डॉलरचा फरक पडतो, आणि दोन्ही वेळी दिसणारे सिंह तेच. शुल्क बदलत असते, म्हणून नोंदणीच्या वेळी ताजा दर लेखी मागावा.

येथपर्यंत सर्व सोपे आहे. खरी गाठ पुढे आहे, आणि ती सहल कंपनीच्या आकर्षक पत्रकात मला कोठेही दिसली नाही.

केनिया हा पीतज्वराचा धोका असलेला देश आहे. तेथून भारतात परतणाऱ्याजवळ लसीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र नसेल, तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. लस शासनाने अधिकृत केलेल्या केंद्रातच घ्यावी लागते, प्रमाणपत्र लसीनंतर दहा दिवसांनी ग्राह्य होते आणि २०१६ पासून ते आजीवन चालते. मात्र ही जिवंत विषाणूची लस आहे. सहा महिन्यांखालील बाळाला ती देत नाहीत, आणि नऊ महिन्यांखालील बाळालाही सामान्यतः टाळतात. बाळाला अंगावर पाजणाऱ्या मातेबाबत सावधगिरी घ्यावी लागते. साठ वर्षांवरील व्यक्ती ती प्रथमच घेत असेल, तर गंभीर दुष्परिणामाची शक्यता तरुणांपेक्षा अधिक असते. मी स्वतः साठी ओलांडलेला असल्याने हे वाक्य पुनःपुन्हा वाचून मगच येथे लिहीत आहे. आता खारीच्या कुटुंबातील नऊ जण मोजा. बाळ, त्याची आई, आजी आणि आजोबा. नऊपैकी चौघांचा प्रश्न डॉक्टरांच्या दारात उभा आहे, आणि आगाऊ रक्कम मात्र नऊ जणांची मागितली जात आहे.

आणखी एक बाब मी मुद्दाम सांगतो, कारण ती नंतर कळली तर घरात क्लेश होतो. ही लस कोंबडीच्या फलित अंड्यांत वाढविलेल्या विषाणूपासून तयार होते. १९३०च्या दशकात मॅक्स थायलर यांनी ती विकसित केली, त्यासाठी त्यांना १९५१ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि तिने असंख्य प्राण वाचविले आहेत. अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेल्याला ती देताना डॉक्टरांना आधी सांगणे अत्यावश्यक आहे. ॲलर्जी नसली, तरी आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांपुढे हा प्रश्न उभा राहतोच. कोणी म्हणेल, औषध हे औषध आहे. कोणी म्हणेल, आजारपणात घ्यावे लागले तर गोष्ट निराळी, केवळ मौजेसाठी का घ्यावे? दोन्ही मतांचा आदर ठेवावा. निर्णय प्रत्येकाने आपल्या समजुतीने, हवे तर गुरुमहाराजांना विचारून घ्यावा. पण तो विमानाची तिकिटे काढण्याआधी घ्यावा, आणि ज्याच्या दंडाला सुई टोचायची, त्याला अंधारात ठेवू नये.

लसीखेरीज मलेरियाचाही विचार करावा लागतो. नैरोबी शहर उंचावर असल्याने तेथे धोका कमी, मारामध्ये मात्र आहे. प्रतिबंधक गोळ्यांचे प्रमाण मुलाच्या वजनावर ठरते, म्हणून बालरोगतज्ज्ञांना किमान दोन महिने आधी भेटावे.

मग नऊही जणांनी जायचे कोठे? दक्षिण आफ्रिकेत पिलानेसबर्ग नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. जोहान्सबर्गहून मोटारीने दोन-अडीच तासांच्या अंतरावर, विझलेल्या प्राचीन ज्वालामुखीच्या परिसरात. हा भाग मलेरियामुक्त आहे आणि दक्षिण आफ्रिकेला जाऊन येण्यासाठी पीतज्वराची लस लागत नाही. फक्त विमानाचा मार्ग पाहावा. स्वस्त तिकीट पुष्कळदा आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे असते, आणि त्या मार्गाने गेल्यास लसीचा प्रश्न मागच्या दाराने पुन्हा घरात येतो. आखाती देशांमार्गे किंवा मॉरिशसमार्गे जावे. उद्यानात सिंह, हत्ती, गेंडा, बिबट्या आणि रानरेडा, सर्व आहेत. मुख्य रस्ते डांबरी आहेत आणि बंद मोटारीतून फिरता येते. हे महत्त्वाचे, कारण उघड्या जीपमध्ये सहा वर्षांखालील मुलांना अनेक निवासस्थाने घेत नाहीत. ज्या निवासांत स्वतःचे स्वयंपाकघर मिळते, असे निवास त्या देशात सर्रास आढळतात. मे महिन्याच्या अखेरीस तेथे कोरडा हिवाळा सुरू होत असतो, गवत वाळल्याने प्राणी लवकर दिसतात, आणि आपल्या शाळा जूनच्या मध्यापर्यंत बंद असतात. तोपर्यंत बाळही वर्षाचे होऊन गेलेले असेल.

दोन्ही बाजू सांगणे हे माझे कर्तव्य आहे. दक्षिण आफ्रिकेत परवान्याने शिकार चालते, तर केनियाने १९७७ सालीच शिकारीवर बंदी घातली. १९८९ मध्ये त्या देशाने बारा टन हस्तिदंत जाहीरपणे जाळले, २०१६ मध्ये सुमारे १०५ टन. या कारणास्तव एखाद्या कुटुंबाने केनियालाच पैसा द्यायचा असे ठरविले, तर तो विचार सर्वथा योग्य आहे. दक्षिण आफ्रिकेस गेल्यास एक पथ्य कटाक्षाने पाळावे. सिंहाचे छावे मांडीवर घेऊन छायाचित्र काढू देणारी किंवा सिंहाबरोबर चालवणारी ठिकाणे तेथे आहेत. मुलांना त्यांचा मोह पडतो. परंतु असे छावे आईपासून तोडून वाढविलेले असतात, आणि मोठे झाल्यावर त्यांतील कित्येक कुंपणात कोंडून शिकाऱ्यांना विकले जातात. तेथील शासनानेही २०२१ मध्ये हा व्यवसाय थांबविण्याचा मानस जाहीर केला. कार्यक्रमपत्रिकेत असे ठिकाण असल्यास ते वगळून घ्यावे, आणि का वगळले ते मुलांना सांगावे. याउलट नैरोबीतील शेल्ड्रिक न्यासाचे पोरक्या हत्तींचे संगोपनगृह अवश्य पाहावे. तेथे रोज सकाळी तासभर, पूर्वनोंदणीने, बाटलीने दूध पिणारी हत्तीची पिल्ले पाहता येतात. मोठी झाल्यावर ती पुन्हा जंगलात सोडली जातात.

आता आहार आणि दिनचर्या. केनियातील मारा विषुववृत्ताजवळ असल्याने तेथे सूर्योदय व सूर्यास्ताच्या वेळा वर्षभर फारशा हलत नाहीत. जानेवारीत सूर्योदय पावणेसातच्या सुमारास, म्हणजे नवकारशी साडेसातला येते. सकाळची फेरी सहा-साडेसहाला निघते, तेव्हा न्याहारीचा डबा बरोबर घ्यावा. अडचण संध्याकाळची. फेरी चार ते साडेसहा, निवासस्थानी जेवण साडेसातला, आणि सूर्यास्त पावणेसातनंतर लगेच. चौविहार पाळणाऱ्यांनी फेरी तीन-साडेतीनला सुरू करून पावणेसहाला परतण्याची व्यवस्था नोंदणीच्या वेळीच लेखी करून घ्यावी. याचसाठी कुटुंबाची गाडी स्वतंत्र असावी. इतर प्रवाशांबरोबर बसल्यास वेळ त्यांची चालते. पिलानेसबर्गला मेअखेर सूर्यास्त साडेपाचच्या आधीच होतो, हेही लक्षात ठेवावे.

मुलांच्या बाबतीत घड्याळ आपल्या बाजूने आहे. केनिया आपल्यापेक्षा अडीच तास मागे, दक्षिण आफ्रिका साडेतीन तास. तेथे पहाटेचे पाच वाजतात, तेव्हा आपल्याकडे साडेसात किंवा साडेआठ झालेले असतात. मुले आपोआप लवकर उठतात आणि संध्याकाळी लवकर पेंगतात. लवकर जेवण त्यांना सोयीचेच पडते.

‘जैन भोजन’ एवढे दोन शब्द लिहून भागत नाही. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, बीट, मुळा, आले आणि कोणतेही कंदमूळ नको, अंडे, मध, अळंबी आणि जिलेटिन नको, अशी यादी इंग्रजीत लिहून द्यावी. मुलांसाठी ठेवलेल्या जेलीत आणि मऊ गोळ्यांत जिलेटिन असते. केनियात मक्याच्या पिठाचा उगाली आणि चपाती सर्वत्र मिळते. सुकुमा विकी ही पालेभाजी सहसा कांदा घालून करतात, ती आधी सांगून ठेवावी. खाखरे, थेपले आपण नेणारच. पण केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर आणि २०२० पासून अभयारण्यांत एकदा वापरून टाकायच्या सर्व प्लास्टिकवर बंदी आहे, टांझानियातही २०१९ पासून पिशव्यांना बंदी आहे. खाऊ स्टीलच्या डब्यांत आणि कापडी पिशव्यांत भरावा, उकळलेल्या पाण्यासाठी थर्मास न्यावा. अंगावरचे कपडे खाकी किंवा मातकट असावेत. गडद निळ्या व काळ्या रंगाकडे त्सेत्से माश्या आकर्षित होतात.

कार्यक्रम आखताना ठिकाणे कमी ठेवावीत. एका ठिकाणी किमान दोन रात्री. नैरोबी ते मारा हा रस्ता पाच-सहा तासांचा आहे. छोट्या विमानाने पाऊण तासात पोहोचता येते, पण त्यात सामान दरडोई १५ किलोच्या आसपासच, तेही मऊ पिशवीत. एका दिवसात एकच लांब फेरी आणि दुपारी झोप, हा नियम मोडू नये.

आणि सिंहाने हरीण पकडलेले मुलांच्या दृष्टीस पडले तर? पालक हा प्रश्न विचारताना संकोचतात. मुलांचे डोळे झाकू नयेत, तसेच त्या दृश्याचा तमाशाही करू नये. सिंहाला दुसरे अन्न नाही आणि निवडीची बुद्धीही नाही. माणसाला दोन्ही आहे. सहा वर्षांच्या मुलीला एवढे समजते. ती रडली, तर गाडी वळवायला सांगावी. गाडी स्वतंत्र ठेवण्याचा हाही एक लाभ.

पैशाविषयी थोडक्यात. परदेशी सहलीच्या पॅकेजवर १ ऑक्टोबर २०२० पासून टीसीएस आकारला जातो. त्याचे दर व मर्यादा तेव्हापासून अनेकदा बदलल्या आहेत, म्हणून भरणा करण्याच्या दिवशीचा दर आपल्या सनदी लेखापालांना विचारावा. ही रक्कम बुडत नाही, विवरणपत्रात करापोटी वळती होते. म्हणूनच पॅकेजचे बिल ज्याचे करपात्र उत्पन्न आहे, त्याच्या पॅनवर करावे. उत्पन्न नसलेल्या आजींच्या नावे केल्यास पैसा परताव्यापर्यंत अडकून पडतो. खर्च पेढीच्या खात्यातून झाला, तर तो उचल म्हणूनच दाखवावा. ती घरची सहल आहे, धंद्याचा खर्च नव्हे. रोख परकीय चलन दरडोई ३,००० डॉलरपर्यंत नेता येते. जुन्या छपाईच्या डॉलरच्या नोटा पूर्व आफ्रिकेत अनेक ठिकाणी नाकारतात, बँकेतून नव्या, न फाटलेल्या नोटा मागून घ्याव्यात. विम्यात जंगलातून विमानाने रुग्णालयात हलविण्याचा खर्च समाविष्ट आहे का, ते वाचावे, आणि ज्येष्ठांचे जुने आजार विमा अर्जात लपवू नयेत. कर्ज काढून ही सहल करू नये. दोन वर्षे आवर्ती ठेव चालवावी.

कागदपत्रांत मुलांचे पारपत्र पाच वर्षांतच संपते, हे बहुतेकांच्या ध्यानात नसते. परतीनंतर सहा महिने मुदत शिल्लक हवी. केनियाने २०२४ पासून व्हिसाऐवजी ई-परवाना सुरू केला आहे, तो तान्ह्या बाळालाही स्वतंत्र लागतो. दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा आधी काढावा लागतो, त्यास वेळ धरावा. मुलांचे जन्मदाखले सोबत असावेत.

खारीच्या कुटुंबास माझे मत असे. दिवाळीच्या कार्यक्रमाची आगाऊ रक्कम भरू नये. या हिवाळ्यात ताडोब्याला दोन-तीन दिवस जाऊन यावे. मंगळवारी उद्यान बंद असते, तेवढे पाहावे. नऊ आणि सहा वर्षांची मुले पहाटे उठून तीन-चार तास गाडीत शांत बसतात का, आजोबांच्या पाठीला खाचखळगे सोसतात का, हे हजारो डॉलर खर्च करण्यापूर्वी तेथे कळेल. तेही झेपणार नसेल, तर आपल्या वेशीवरील संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहेच. त्यानंतर मेअखेर नऊ जणांनी पिलानेसबर्गला जावे. केनिया बाळ चार-पाच वर्षांचे होईपर्यंत राखून ठेवावा. तेव्हा आजी-आजोबा बरोबर असतील की नाही, हे त्यांचे डॉक्टर आणि ते स्वतः ठरवतील. थांबल्याने बाळाची सोय होते, पण त्यांचे वय वाढते. म्हणूनच सर्वांची एकत्र सफर आधी आणि लसीची सफर नंतर, असा क्रम मी सुचवीत आहे.

वाचकांनी आपल्या शंका संपादकीय कार्यालयाकडे पाठवाव्यात. पुढील अंकात टीसीएसचा परतावा विवरणपत्रात कसा मागावा, ते उदाहरणासह पाहू.